मुलांकडून ‘ओ-यू-जी-एच’ची स्पेलिंगं पक्की कशी करून घ्यावीत

टफ, दो, थ्रू, कॉफ, प्लाउ, थॉट, थरा. सातही शब्दांत ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं याच क्रमाने येतात आणि प्रत्येक वेळी उच्चार निराळा. इथे इंदूरला आपली मुलं घरी मराठी, गल्लीत हिंदी बोलतात. दोन्हीकडे लिहिलं तसं वाचायची सवय, त्यामुळे पाचवी-सहावीत गाडी इथे अडतेच. राजेंद्रनगरात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांचं मी दरवर्षी हेच बघते.

दोन सल्ले आधी डोक्यातून काढून टाका. ‘जी-एच सायलेंट असतं’ हा पहिला. रफ आणि कॉफमध्ये त्याचा चक्क ‘फ’ होतो. आणि जिथे ते खरंच सायलेंट आहे, तिथेही ओ-यूचं काय करायचं हे त्या नियमातून कळत नाही. दुसरा सल्ला म्हणजे सगळे उच्चार एकाच वाक्यात कोंबलेलं ते इंटरनेटवरचं लांबलचक वाक्य पाठ करून घेणं. मोठ्यांना त्यात मजा वाटते, मुलाच्या डोक्यात मात्र खिचडी होते.

‘पण असं का?’ हा प्रश्न येणारच. तो उडवून लावू नका. जुन्या इंग्रजीत या जागी घशातून काढलेला, खरखरीत ‘ख’सारखा आवाज होता. पुढे काही शब्दांत तो गळून गेला, काहींत त्याचा ‘फ’ झाला, शेजारचे स्वरही बदलले. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना सुरू केला. छपाईमुळे स्पेलिंगं हळूहळू ठरून गेली, बोलणं मात्र बदलतच राहिलं. एवढं सांगितलं की मुलाचा धीर वाढतो.

पायरी १. सुरुवात ‘ऑट’पासून. बॉट, ब्रॉट, फॉट, थॉट, सॉट ही बाय, ब्रिंग, फाइट, थिंक, सीक यांची भूतकाळी रूपं. शेवटी टी दिसला की ऑट. नेहमीच्या वापरातला अपवाद एकच, दुष्काळाचा ड्राउट. कॉट आणि टॉट यांत ए-यू येतो, त्यांना या पानावर घेऊ नका.

पायरी २. आता मुलाच्या तोंडात आधीच असलेले शब्द घ्या. रफ वही, टफ पेपर, पिझ्झाचा डो, ‘काकांच्या थ्रू काम झालं’. रफ-टफ-इनफ एका पानावर, डो-दो-ऑल्दो दुसऱ्यावर, प्लाउ-बाउ तिसऱ्यावर, थ्रूला स्वतंत्र पान. दिवसाला एकच पान. खोकल्याच्या कॉफला आपली मुलं हमखास ‘कफ’ म्हणतात, कारण कफ घरात रोज ऐकलेला असतो. ‘कॉफी’ म्हणायला लावा आणि शेवटची ‘ई’ गाळायला सांगा.

पायरी ३. खरी मेख इथे आहे आणि माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. सुटे शब्द येणारं मूल दो, थ्रू, थरा, थॉट शेजारी आले की गडबडतं. दहा-दहा वेळा लिहायला लावू नका. त्यात हात चालतो, डोळा झोपलेला असतो. मोबाइलच्या ऑटो-करेक्टवर तर मुळीच विसंबू नका. दोच्या जागी थ्रू पडलं तरी तो बऱ्याचदा गप्प बसतो, कारण दोन्ही खरेच शब्द.

जुन्या लग्नपत्रिका कापून नऊ चिठ्ठ्या करा: टी, एच आणि ओ दोन-दोन, आर, यू, जी एकेक. टी-ओ-यू-जी-एच मांडा: टफ. टीनंतर एच सरकवा: दो, हिंदीतल्या दोनसारखा. शेवटी टी लावा: थॉट. तो टी काढा आणि पहिल्या एचनंतर आर घाला: थ्रू. एच आणि आरच्या मधे ओ बसवा: थरा, म्हणजे कसून, नीट. तो ओ आणि पहिला एच काढून घ्या: ट्रॉफ, गुरांची डोण. नुसत्या एका-दोन चिठ्ठ्यांनी अख्खा उच्चार पालटतो, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

चिठ्ठी मुलानेच हलवायची. तुम्ही हलवलीत तर सगळं फुकट. प्रत्येक बदलानंतर शब्द मोठ्याने म्हणायचा, त्याचं एक वाक्य करायचं, मगच पुढची चिठ्ठी. मग हीच वाट उलटी, ट्रॉफपासून टफपर्यंत. उलटं जाताना मूल अडलं तर शब्द अजून बसलेला नाही, पुन्हा पायरी २ वर जा. आणि पानं पक्की होण्याआधी चिठ्ठ्या काढूच नका. घाई करणाऱ्या पालकांची मुलं सहामाहीच्या पेपरात थ्रूच्या जागी थरा लिहून येतात.

पायरी ४. सगळे शब्द मिसळून डिक्टेशन, पण वाक्यांतून. सुटे शब्द नकोत.

थराला अमेरिकेत थरो म्हणतात. दोन्ही बरोबर, शाळेत बाई म्हणतात तो उच्चार धरा. प्लाउ अमेरिकेत पी-एल-ओ-डब्ल्यू असा लिहितात, आपल्या पाठ्यपुस्तकात ओ-यू-जी-एचच असतो. उचकीचा हिकप मुलाला यू-पीने लिहू द्या. त्याचं ओ-यू-जी-एचवालं रूप खोकल्याच्या कॉफशी चुकून नातं जोडल्यामुळे आलं. स्लाउसारखी गावांची नावं आठवीपर्यंत बाजूला ठेवली तरी चालतं.