पाजतानाची प्रार्थना: तान्ह्या बाळाच्या ख्रिस्ती आईसाठी

बाळंतपणानंतरही पहाटे पाचची उपासना चुकवायची नाही, असा नेम अनेक जणी धरतात आणि तो आठवड्यात मोडतो. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं. ठरावीक वेळ पाळणार कशी? मग देवाला अंतरल्याची टोचणी लागते. ती लावून घेऊ नका. १ शमुवेल १:२२-२३ काढून वाचा. नवसाने झालेल्या शमुवेलाचं दूध तुटेपर्यंत हन्ना वार्षिक यज्ञाला गेलीच नाही, आणि नवऱ्यानेही तिला घरी राहू दिलं.

प्रार्थना पाजण्यालाच बांधा. रोज दोनच वेळा: सकाळचं पहिलं पाजणं आणि दिवेलागणीचं. पाण्याचा तांब्या हाताशी, पाठीला उशी. पहिली दोन मिनिटं डोळे मिटू नका, बाळाकडे बघा. तोंड मोठं उघडलेलं हवं, हनुवटी छातीला टेकलेली, बोंडाभोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात. नुसतं बोंड धरलं तर चिरा पडतात आणि बाळाचं पोटही भरत नाही. दुखत राहिलं तर स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सारून सोडवा, पुन्हा लावा. घोट ऐकू आले की तीन वाक्यं पुरेत: बाळाचं नाव घेऊन आशीर्वाद, एका गोष्टीचे आभार, एक काळजी. चिडचिड झाली असेल तर तीही तशीच सांगा. स्तोत्रांत रडगाणी कमी नाहीत.

वचन आठवड्याला एकच, मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावलेलं. स्तोत्र १२१:४, न झोपणाऱ्या देवाचं, जागरणाच्या दिवसांत फार जवळचं वाटतं. मोबाइलवर वाचू नका. बाळ झोपलं तरी तुम्ही जाग्याच राहता.

१ राजे १९ मध्ये खचलेल्या एलीयाला देवदूताने आधी भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं. जेवण टाळून केलेला उपास या दिवसांत नकोच. सांगलीच्या मे महिन्यातही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी, मध, गुटी देऊ नये. पाणी आईने प्यावं.

चर्चला निघण्याआधी पाजा, दाराजवळच्या बाकावर बसा. बाप्तिस्मा किंवा अर्पणविधी ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसीनंतर लगेच ठेवू नका. एक-दोन दिवस ताप येऊ शकतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. पहिल्या आठवड्यातलं रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही उदास वाटलं, बाळ झोपलं तरी झोप लागेना, बाळाची ओढ वाटेना, तर तो आजार आहे. ‘विश्वास कमी पडला’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. मिरजेत १८९४ मध्ये सुरू झालेल्या मिशनच्या हॉस्पिटलात प्रार्थना आणि औषध शेजारी-शेजारी राहिले. आपल्याला ते नवं नाही. डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि तोवर घरच्यांनी तिला एकटं सोडू नये.

महिला मंडळाने भेटीची पाळी लावावी. गरम भाकरी-भाजीचा डबा न्यावा, हात धुऊन बाळाला दोन तास सांभाळावं, तेवढ्यात आईने झोपावं. प्रार्थना निघताना, दोन मिनिटांची. बाळाचा मुका घेऊ नये, आणि चहा बाळंतिणीला करायला लावू नये.