धडाची भेदक जखम आणि प्रचंड रक्तस्राव: रुग्ण जगण्याचा अंदाज बांधताना या चुका टाळा

छातीत सुरा घुसलेला किंवा पोटात गोळी लागलेला रुग्ण ८० सिस्टॉलिकवर (म्हणजे वरच्या रक्तदाबावर) आला, की खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात अंदाज तयार होतोच. वाचेल, कठीण आहे, गेल्यात जमा. हाच अंदाज गुणांकनाने, सूत्राने आणि आता संगणकाच्या मॉडेलने काढायचा प्रयत्न पन्नासेक वर्षं चालू आहे. सूत्रं सरसकट टाकाऊ नाहीत, पण ती वापरताना घड्याळाकडे पाठ फिरवली जाते आणि बहुतेक चुका तिथून सुरू होतात. अंदाज कोणत्या मिनिटाला केला? त्या मिनिटाला हातात काय माहिती होती? आणि ‘वाचला’ हे कधी मोजलं? या तिन्हींची उत्तरं कागदावर नसतील, तर दशांश चिन्हापुढे कितीही आकडे असले तरी त्यांना अर्थ नाही.

ऑपरेशननंतर कळलेली माहिती ऑपरेशनआधीच्या अंदाजात घालणं

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात सभ्य दिसणारी चूक. ट्रिस (TRISS) ही जखमी रुग्ण जगण्याची शक्यता काढायची पद्धत १९८७ पासून जगभर वापरात आहे. तिच्यात चार गोष्टी जातात: शरीराची स्थिती सांगणारा आरटीएस, जखमांची तीव्रता सांगणारा आयएसएस, वय, आणि जखम बोथट माराची की भेदक. यातला आयएसएस काढायला प्रत्येक जखमेची प्रत, म्हणजे गंभीरतेची पायरी, ठाऊक असावी लागते. यकृत किती फाटलं, महाशिरेला भोक आहे का, हे कळतं पोट उघडल्यावर, सीटी स्कॅननंतर, नाहीतर शवविच्छेदनात. म्हणजे ट्रिसचा आकडा मागे वळून पाहण्यासाठी आहे. आपल्या केंद्रातले मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त आहेत का, हे तपासायला तो चांगला. कॅज्युअल्टीच्या दारात ‘याची शक्यता किती’ हे त्याला विचारू नये.

मॉडेल बनवणारे हीच चूक नव्या कपड्यांत करतात. ‘पहिल्या २४ तासांत दिलेलं रक्त’, ‘आयसीयूतले दिवस’, ‘ऑपरेशनमध्ये सापडलेल्या जखमांची संख्या’ हे रकाने आत घातले की मॉडेल कमालीचं अचूक दिसू लागतं. दिसणारच. आयसीयूत तीन दिवस काढलेला माणूस तीन दिवस जगलेला असतोच. प्रत्येक रकान्यासमोर ‘ही माहिती कितव्या मिनिटाला मिळाली’ असं लिहा आणि अंदाजाच्या क्षणानंतरचं सगळं खोडा. अचूकता घसरेल, जी उरेल ती खरी.

आयएसएसवर भेदक जखमेत डोळे मिटून विश्वास

आयएसएस १९७४ मध्ये आला, तोही मुख्यतः रस्ते अपघातातल्या रुग्णांवरून. त्यात शरीराचे सहा भाग धरतात, प्रत्येक भागातली फक्त सर्वांत वाईट जखम घेतात आणि वरच्या तीन भागांच्या आकड्यांचे वर्ग करून बेरीज करतात. गाडीखाली आलेल्या माणसाचं डोकं, छाती, पाय असं सगळीकडे लागतं, तिथे हे चालून जातं. गोळी मात्र एकाच भागात सगळा उत्पात करते.

समजा, पोटातल्या एका गोळीने यकृताला ४, महाशिरेला ४ आणि मोठ्या आतड्याला ३ प्रतीची जखम केली. तिन्ही अवयव एकाच भागातले, म्हणून आयएसएस फक्त १६. महाशिरेचं भोक हिशेबातच नाही! १९९७ च्या सुधारित पद्धतीत, म्हणजे एनआयएसएसमध्ये, भाग न पाहता सर्वांत वाईट तीन जखमा घेतात. तिथे हाच रुग्ण १६ अधिक १६ अधिक ९, म्हणजे ४१ वर जातो.

आता हेच ट्रिसमध्ये घालून बघा. रुग्ण चाळिशीचा, शुद्धीवर, सिस्टॉलिक ८०, श्वास मिनिटाला ३२. आरटीएस ६.८२ च्या आसपास येतो. भेदक जखमांसाठी प्रचलित असलेल्या गुणकांनी जगण्याची शक्यता निघते सुमारे ९६ टक्के. पोट रक्ताने भरत चाललेल्या माणसाला ९६ टक्के! आणि याच रुग्णाचं वय ५५ धरलं, बाकी काहीही न बदलता, तर ८९ टक्के. ५४ व्या वर्षी ९६ आणि वाढदिवस झाला की ८९. शरीर असं वागत नाही. सूत्र वागतं, कारण वयाची सलग रेघ एका जागी तोडून तिचे दोन तुकडे केलेत. रक्तदाबाचंही तेच: ७६ आणि ८९ यांना ट्रिसमध्ये सारखेच गुण.

यावर काही जण आयएसएसच्या जागी सरळ एनआयएसएसचा आकडा टाकतात. मग शक्यता ८३ टक्क्यांवर येते आणि ती ‘जास्त खरी’ वाटते. हेही चूकच. गुणक एका मापासाठी काढलेले असताना दुसरं माप घातलं, तर उत्तर पटण्यासारखं आलं तरी तो योगायोग. माप बदलायचं असेल तर गुणक पुन्हा काढावे लागतात.

९० चा आकडा पाहून निश्चिंत होणं

तरुण माणूस रक्त जात असतानाही बराच वेळ रक्तदाब धरून ठेवतो आणि मग एकदम ढासळतो. म्हणून ‘बीपी ९०च्या वर आहे’ हे वाक्य अंदाजात फार कमी वजनाचं. नाडी भागिले सिस्टॉलिक, म्हणजे शॉक इंडेक्स, हे साधं गणित जास्त बोलतं. नाडी ११८ आणि रक्तदाब १०४ असेल तर भागाकार १.१३ येतो. निरोगी प्रौढात तो साधारण ०.५ ते ०.७ असतो. म्हणजे बीपी ‘तीन आकडी’ असूनही हा रुग्ण संकटात आहे.

पण नाडीनेही फसू नका. पोटात मोठा रक्तस्राव असूनही नाडी ८० वर राहिलेले रुग्ण असतात; बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी औषधं) घेणाऱ्यांची नाडी तर वाढायचंच विसरते. शिवाय रक्तदाब खूप खाली असताना स्वयंचलित यंत्र खऱ्यापेक्षा वरचा आकडा दाखवू शकतं. शंका असेल तिथे हाताने घ्या, आणि नोंदीत ‘हाताने’ की ‘यंत्राने’ तेही लिहा.

पहिलं हिमोग्लोबिन बघून दिलासा घेणं ही याचीच बहीण. रक्त जातं तेव्हा पेशी आणि पाणी एकत्रच जातात, त्यामुळे सुरुवातीला प्रमाण फारसं हलत नाही. ते खाली येतं ऊतींतलं पाणी रक्तात ओढलं गेल्यावर किंवा सलाइन चढल्यावर. त्यापेक्षा बेस डेफिसिट आणि लॅक्टेट बघावं; ऊतींना रक्त कमी पडतंय हे रक्ताच्या या दोन तपासण्या सांगतात. तेही एकदाच नाही: एका आकड्याने स्थिती कळते, दोन आकड्यांनी दिशा. लॅक्टेटला दुसरी कारणंही असतात हे ध्यानात असू द्या. जीव वाचवायला धावत सुटलेल्या किंवा भरपूर दारू प्यायलेल्या माणसाचं लॅक्टेट रक्तस्रावाशिवायही वाढलेलं असू शकतं.

सलाइनने चढवलेला रक्तदाब ‘सुधारणा’ म्हणून मोजणं

ह्यूस्टनमधला १९९४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण त्यातला अंदाजासंबंधीचा धडा सहसा राहून जातो. धडाला भेदक जखम आणि रुग्णालयात पोचण्याआधी सिस्टॉलिक ९० किंवा त्याखाली, असे ५९८ प्रौढ रुग्ण. एका गटाला वाटेतच शिरेतून द्रव सुरू केले, दुसऱ्याला ऑपरेशन थिएटरात पोचेपर्यंत थांबवले. थांबवलेल्यांतले ७० टक्के वाचले, लगेच दिलेल्यांतले ६२ टक्के.

उपचारासाठी याचा अर्थ काय यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. तो शहरी अभ्यास होता, पोचायला वेळ कमी लागत होता. अंदाज बांधणाऱ्यासाठी अर्थ सरळ आहे. भोक बंद झालेलं नसताना द्रवाने वर नेलेला रक्तदाब आणि रुग्णाने स्वतः राखलेला रक्तदाब हे एकच माप नव्हे. दोन लिटर द्रवानंतरचे ११० आणि काहीही न देता ११० हे मॉडेलमध्ये एकाच रकान्यात गेले, की मॉडेल गोंधळणारच. द्रव किती गेलं आणि कोणत्या मापाआधी गेलं, हे सोबत हवं.

बाहेरचं भोक बघून आतला अंदाज

श्वास सोडताना छाती आणि पोट यांमधला पडदा चौथ्या बरगडीखालच्या मोकळ्या जागेपर्यंत वर येतो. त्यामुळे स्तनाग्राच्या पातळीवरची ‘छातीची’ जखम पोटातली असू शकते. पाठ, कूस आणि नितंबावरच्या जखमा लहान दिसतात आणि मागच्या बाजूने रक्त साठत राहतं. फास्ट सोनोग्राफीत (आत रक्त साठलंय का हे कॅज्युअल्टीतच झटपट बघणाऱ्या तपासणीत) काही न दिसणं म्हणजे रक्त नाही असं नव्हे: पोटामागच्या जागेतलं रक्त तिला सहसा दिसत नाही. हृदयाला लागलेल्या सुरीची गोष्ट आणखी फसवी. हृदयावरचं आवरण फाटलेलं असेल तर रक्त छातीत वाहून जातं, आवरण रिकामं दिसतं आणि तपासणारा ‘हृदय ठीक’ लिहून मोकळा होतो. डाव्या छातीत रक्त असेल तर ही शक्यता धरूनच चाला.

रक्ताच्या पिशव्यांवरून मागे तर्क लावणं

‘प्रचंड रक्तपुरवठा’ याची जुनी व्याख्या २४ तासांत १० पिशव्या. आता विचार करा: जो चाळीस मिनिटांत गेला, त्याला चारच पिशव्या लागल्या. व्याख्येप्रमाणे तो ‘कमी रक्त लागलेल्या’ गटात बसला, म्हणजे सगळ्यात आजारी माणूस हलक्या गटात. प्लाझ्माच्या, म्हणजे रक्तातल्या पेशीविरहित द्रवाच्या, बाबतीतही असंच होतं. गोठवलेला प्लाझ्मा वितळायला वेळ लागतो. तोपर्यंत जो टिकला त्यालाच तो मिळतो. मग आकडेवारी सांगते की प्लाझ्मा मिळालेले जास्त वाचले. ते प्लाझ्माने वाचले, की वाचले म्हणून त्यांना प्लाझ्मा मिळाला? निरीक्षणाच्या आकड्यांतून हे सुटत नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागले.

तसा २०१५ चा ‘प्रॉपर’ (PROPPR) नावाचा अभ्यास ६८० रुग्णांचा. प्लाझ्मा, प्लेटलेट आणि लाल पेशी समप्रमाणात दिलेल्या गटात २४ तासांतले मृत्यू १२.७ टक्के, दुसऱ्या गटात १७.० टक्के, ३० दिवसांत २२.४ आणि २६.१. दोन्ही फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निश्चित ठरले नाहीत. पण पहिल्या दिवसात रक्त वाहून झालेले मृत्यू ९.२ विरुद्ध १४.६ टक्के, आणि हा फरक मात्र ठळक ठरला. एकाच अभ्यासात ‘वाचला’ची व्याख्या बदलली की निष्कर्षाचा सूर बदलतो. रक्तस्रावाने जाणारे पहिल्या काही तासांत जातात. तिसाव्या दिवशीच्या मृत्यूंत जंतुसंसर्ग आणि अवयव निकामी होणं मिसळलेलं असतं. रक्तस्रावाचा अंदाज बांधायचा तर सहा किंवा २४ तास मोजा. ३० दिवसही मोजा, पण वेगळे.

रिकामे रकाने

रक्तदाब नोंदलेला नाही, कारण तो लागलाच नाही. श्वासाचा वेग नाही, कारण श्वासनलिकेत नळी घातली होती. अशा ओळी ‘अपूर्ण’ म्हणून काढल्या तर सगळ्यात गंभीर रुग्णच निघून जातात. सरासरी भरली तर मरणासन्न माणसाला १२० चा रक्तदाब बहाल होतो. ‘घेतला नाही’ आणि ‘लागला नाही’ यांच्या वेगळ्या खुणा ठेवा.

‘९० टक्के अचूक’

दहातले नऊ रुग्ण वाचत असतील, तर ‘सगळे वाचतील’ म्हणणारं यंत्रही ९० टक्के अचूक. विचारायचं हे: ज्या शंभर जणांना मॉडेलने ८० टक्के शक्यता दिली, त्यांतले खरोखर ऐंशीच्या आसपास वाचले का? आणि ज्या रुग्णालयाच्या नोंदींवर ते शिकलं नाही, तिथेही वाचले का?

‘भेदक’ हा एकच रकाना ठेवणंही महागात पडतं. कॅज्युअल्टीतच छाती उघडलेल्या रुग्णांचा २००० साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात भोसकलेल्यांतले १६.८ टक्के आणि गोळी लागलेल्यांतले ४.३ टक्के वाचले. सुरी आणि गोळी एका पेटीत ठेवण्याइतका हा फरक छोटा नाही.

आकडा बघून हात थांबवणं

भेदक जखमेत छाती दाबणं पंधरा मिनिटांहून जास्त चाललं असेल आणि जिवंतपणाची कोणतीही खूण नसेल तर छाती उघडू नये, अशी मर्यादा अमेरिकेतल्या वेस्टर्न ट्रॉमा असोसिएशनच्या मार्गदर्शनात आहे. ती वेळ आणि खुणा यांवर बेतलेली आहे, टक्केवारीवर नाही. बाहुल्यांची हालचाल, एखादा आचका, मॉनिटरवरची विद्युत हालचाल यांपैकी काही असेल तर ‘मॉडेल ८ टक्के म्हणतं’ हे थांबण्याचं कारण होऊ शकत नाही. कोणत्याही मॉडेलचे ८ टक्के हे गटाबद्दल असतात.

शिवाय इथे एक चक्र आहे. कमी शक्यता दिसली म्हणून उपचार आवरते घेतले, रुग्ण गेला, आणि तो मृत्यू पुढच्या मॉडेलच्या शिकवणीत गेला. मॉडेल आता आणखी ठामपणे तेच सांगेल. म्हणून नोंदवहीत एक रकाना वेगळा हवा: उपचार थांबवले का, कोणत्या मिनिटाला, कोणी ठरवलं आणि तेव्हा समोर आकडा होता का. विश्लेषणात या रुग्णांना बाकीच्या मृत्यूंत मिसळू नका.