जुनं एम१ हेल्मेट घेताना काय बघायचं

दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन एम१ घ्यायचं असेल तर आधी रंगावर भाळू नका, हेल्मेट उलटं करा. कडेला जी स्टीलची पट्टी असते तिचा सांधा पुढे कपाळाशी आहे की मागे ते बघा, पुढे असेल तर साधारण 1944च्या शेवटापर्यंतचं, मागे असेल तर त्यानंतरचं. मग पट्टा अडकवायच्या कड्या हलवून बघा, घट्ट वेल्डिंग केलेल्या असतील तर जुनं, कारण त्या तुटायच्या म्हणून 1943मध्ये हलणाऱ्या कड्या आणल्या. आतून पुढच्या बाजूला ठोकलेला नंबर टॉर्च तिरका धरून शोधा, खाली एस दिसला तर श्लूटर कंपनीचं.

खिशात छोटं चुंबक ठेवाच. शेल, म्हणजे बाहेरचं कवच, मँगनीज स्टीलचं, त्याला चुंबक जवळपास चिकटतच नाही, खटकन चिकटलं तर मी तरी पुढे बोलणीच करत नाही.

बाहेरचा खरखरीतपणा बोटाने बघा, युद्धकाळात रंगात बुचाचा भुगा घालायचे, नंतर वाळू आली. आणि प्लीज, घरी आणल्यावर घासून परत रंगवू नका हो, मी पहिलंच असं वाया घालवलंय, अजून वाईट वाटतं.