रुंद स्की घेताय? आधी बूट बघा, आणि या चुका टाळा

गुलमर्गला एक कोर्स झाला, बेतास बात वळता यायला लागलं, की नजर वर अफरवट शिखराकडे जाते. गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून पाठीला सॅक लावून उतरणारी मंडळी, त्यांच्या पायातल्या फळ्यांसारख्या रुंद स्की, मागे उडणारा बर्फाचा भुरका. मग पुण्या-मुंबईत परतल्यावर रात्ररात्र व्हिडिओ बघून मध्यावर 115 मिलिमीटर रुंद असलेल्या स्की ठरतात, परदेशातून येणाऱ्या कुणाकडून तरी मागवल्याही जातात. बूट? ते उरलेल्या पैशांत, सेलमध्ये जे मिळतील ते.

हा क्रमच उलटा आहे. स्की किती रुंद पेलेल हे तुमचा बूट ठरवतो. बूट पायाला आणि कामाला साजेसा मिळाला की स्कीची निवड आपोआप सोपी होते.

सर्वांत चांगला दिवस डोळ्यांपुढे ठेवून रुंदी निवडणे

स्कीवर 132-106-122 असे तीन आकडे असतात: टोक, मध्य, शेपूट. त्यातला मधला आकडा महत्त्वाचा. रुंद स्की भुसभुशीत बर्फात तरंगते, हे खरं आहे आणि गुलमर्गला तसा बर्फ पडतोही. 21 डिसेंबरला चिल्लई कलानचे चाळीस दिवस सुरू होतात, पश्चिमेकडून हवामानाच्या लाटा येतात, आणि एखादी चांगली लाट लागली तर गुडघाभर ताजा बर्फ मिळतो.

पण गोंडोला सुमारे 3,950 मीटरवर नेऊन सोडतो, तिथला धारेवरचा भाग वाऱ्याने घासलेला असतो. बर्फ पडून दोन-चार दिवस झाले की उन्हात तापलेल्या उतारावर पापुद्रा धरतो, आणि गोंडोलाखालच्या लोकप्रिय वाटा तुडवून कडक होतात. अशा कडक बर्फावर रुंद स्कीची कड बुटाच्या मध्यापासून लांब पडते. ती कड बर्फात रुतवायला घोट्याला आणि गुडघ्याला जास्त पीळ सोसावा लागतो. मऊ बर्फात हे जाणवत नाही. कडक उतारावर आडवं चालताना दहा मिनिटांत जाणवतं.

माझं मत विचाराल तर एकच जोड घ्यायची असेल, तर 98 ते 108 मिलिमीटर पुष्कळ झालं. वजन 90 किलोच्या वर असेल तर 110 पर्यंत जा. 115 च्या पुढच्या स्की ही दुसरी जोड म्हणून घ्यायची चैन आहे. आपल्याकडचे बहुतेक जण वर्षाकाठी एकदाच, विमानाची तिकिटं आधी काढून जातात. ताज्या बर्फाचा दिवस त्या आठवड्यात येईलच याची खात्री कोण देणार?

हलका बूट आणि रुंद स्की

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि ट्रेकिंगमधून स्कीकडे आलेल्यांकडून तर हमखास होते. सह्याद्रीत फिरताना हलकं सामान म्हणजे चांगलं सामान, हे अंगात मुरलेलं असतं. म्हणून एका पायाला किलोभर वजनाचा, दोन बकलांचा टूरिंग बूट (स्की लावून चढण्यासाठीचा) आवडतो. तो चढायला सुरेख असतो. पण तो 80-90 मिलिमीटरच्या स्कीसाठी बनवलेला आहे. त्याला 112 ची लांबरुंद स्की जोडली की बुटाचं प्लास्टिक आधी वाकतं, स्की नंतर वळते, आणि खडबडीत बर्फात पुढचं टोक हवं तिकडे भरकटतं. दोष स्कीला दिला जातो.

100 ते 110 च्या स्कीला एका पायाचे साधारण 1,300 ते 1,600 ग्रॅमचे, तीन-चार बकलांचे, वॉक मोड (चालताना घोटा मोकळा करणारी सोय) असलेले बूट जुळतात. त्याहून रुंद असेल तर आणखी दणकट. गुलमर्गला बरीचशी चढाई गोंडोलाच करतो, स्किन्स (चढताना स्कीखाली चिकटवायच्या पट्ट्या) लावून चालणं बेताचंच असतं. तिथे दोनशे ग्रॅम जादा परवडतात. दिवसभर स्वतःच्या पायांनी चढायचे बेत असतील तर हिशोब उलटा करा: बूट हलका आणि स्कीही 90-95 ची.

बुटावर छापलेल्या 110, 120, 130 या आकड्यांवर फार विसंबू नका. कडकपणा दाखवणाऱ्या या आकड्यांचं सर्व कंपन्यांना बांधून ठेवणारं मोजमाप नाही. एकीचा 130 दुसरीच्या 120 पुढे नांगी टाकू शकतो.

मापाचंही तेच. बुटाचं माप पायाच्या लांबीच्या सेंटिमीटरमध्ये असतं, म्हणून आधी भिंतीला टाच लावून पाय मोजा. मग दुकानात लायनर (आतला मऊ भाग) काढून, नुसत्या शेलमध्ये (बाहेरच्या कडक कवचात) पाय घाला. बोटं पुढे टेकवा, गुडघा किंचित वाकवा आणि टाचेमागे बोटं घालून बघा. दीड-दोन सेंटिमीटर जागा राहिली तर माप बरोबर. त्याहून बरीच जास्त असेल तर तो बूट आज मऊ लायनरमुळे छान वाटेल, पण लायनर दबला की टाच उचलायला लागेल. चपलांमध्ये पसरलेला रुंद पंजा असेल तर लोक एक माप मोठं घेतात. ते करू नका. मोठ्या मापात पाय रुंदीत मावतो आणि लांबीत पोहतो. 101-102 मिलिमीटर रुंदीचा साचा असलेलं मॉडेल शोधा, किंवा शेल गरम करून जागेवर फुगवून घ्या. आणि ट्रेकिंगचे दोन-दोन जाड मोजे घरी ठेवा. एकच पातळ मोजा घाला. जाड मोज्यांनी रक्त अडतं आणि पाय उलट गार पडतात.

वॉक मोड आहे म्हणजे पिनचा बूट आहे, असं समजणे

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. पिन बाइंडिंगची कल्पना ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांची, 1980च्या दशकातली. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना धातूची बारीक खोबण असते, त्यात बाइंडिंगच्या पिना बसतात. टाचेतही धातूची खाच असते. हे धातूचे तुकडे नसतील तर बूट पिन बाइंडिंगमध्ये बसणारच नाही, मग मागे कितीही झकास वॉक मोड असो. फक्त लिफ्टवरच्या स्कीइंगसाठी बनवलेल्या कित्येक बुटांना वॉक मोड असतो, खोबण नसते. ऑनलाइन सेलमध्ये नेमके हेच स्वस्त दिसतात.

उलटही होतं. पुढून पिन आणि उतरताना साध्या बाइंडिंगसारखी पकड, अशी संकरित बाइंडिंग आहेत. त्यांना बुटाच्या पुढे रबराची आणि प्लास्टिकची पूर्ण ओठासारखी कड लागते. अतिहलक्या बुटांना ती छाटलेली असते. बुटाच्या तळव्याचं मानक बघा: आयएसओ 5355 म्हणजे साधा अल्पाइन, 9523 म्हणजे टूरिंग, 23223 म्हणजे ग्रिपवॉक, चालायला सोयीचा तळवा. तुमचं बाइंडिंग यातलं कुठलं घेतं हे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं.

बूट हातात नसताना बाइंडिंग बसवून घेणे

बुटाच्या टाचेजवळ बाजूला 305, 314 असा आकडा कोरलेला असतो. ती तळव्याची लांबी, मिलिमीटरमध्ये. बाइंडिंगची भोकं तिच्यावरून पडतात. मापाचा 27 किंवा 27.5 सांगून चालत नाही, कारण त्याच मापाच्या दोन कंपन्यांच्या बुटांत ही लांबी दहा-दहा मिलिमीटरने वेगळी निघते. नवा बूट जुन्या बाइंडिंगच्या मागेपुढे सरकण्याच्या मर्यादेत बसला नाही, तर नवी भोकं पाडावी लागतात, आणि फार जवळजवळ भोकं पडली की स्की कमकुवत होते. बुटाची लांबी बदलली की पडल्यावर बूट सोडणाऱ्या स्प्रिंगचा आकडाही पुन्हा काढावा लागतो. वजन, उंची, वय, कौशल्य आणि तळव्याची लांबी या सगळ्यांवरून तो ठरतो. मित्राचा आकडा उचलू नका.

बूट सुटल्यावर स्कीला थांबवणाऱ्या ब्रेकची रुंदी स्कीच्या मधल्या रुंदीइतकी किंवा दहा-बारा मिलिमीटर जास्त. 108 च्या स्कीला 100 चा ब्रेक कडेवर घासतो, 130 चा बाहेर लोंबून बर्फात अडकतो. हे काम आपल्याकडे सहज कुठे होत नाही, म्हणून स्की जिथून येतायत तिथेच बूट घेऊन करून घेतलेलं बरं.

उतारावर काहीतरी बिनसलं तर

*उतरताना पुढून बूट सुटतोय.* बाइंडिंग घट्ट करण्याआधी बूट उलटा करून धातूची खोबण बघा. तिच्यात राईएवढा बर्फाचा गोळा थिजलेला असला तरी पिना पूर्ण आत जात नाहीत. काठीच्या टोकाने तो कोरून काढा, बाइंडिंगच्या पुढच्या पट्टीखाली साचलेला बर्फही साफ करा. मग बूट बसवून स्की लॉक न करता पाय दोन-चारदा वरखाली हलवा. पुढचा खटका चढाईच्या लॉकमध्ये ओढून उतरायची सवय काहींना असते. त्याने बूट सुटायचा थांबतो खरा, पण पडल्यावरही सुटत नाही, आणि मग पाय मोडतो.

*नडगी सोलवटतेय.* बहुधा वरची बकलं ढिली आणि टाच उचललेली. आधी घोट्यावरचं बकल आवळा, मग वरची.

*चढताना आडव्या उतारावर स्की खाली घसरतेय.* रुंद स्कीवर कड रोवायचा प्रयत्न केला की स्किनचा बराचसा भाग हवेत राहतो. वरची बकलं सैल करा, घोटा दरीकडे किंचित कलवा, स्किन सपाट टेकू द्या. तरीही पकड मिळेना तर स्की-क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे धातूचे दाते) लावा. ते स्कीच्या मधल्या रुंदीपेक्षा रुंद असावे लागतात, ही गोष्ट नेमकी वर पोहोचल्यावर कळते.