पाटाच्या पाण्यावर ठिबक: आवर्तन सुटण्याआधी तळे आणि फिल्टर बघा

कालवा पाळीने वाहतो, पीक मात्र रोज पाणी पिते. पाटावर ठिबक बसवून निराश झालेल्यांचा संच अनेकदा चांगलाच असतो. दोन आवर्तनांच्या, म्हणजे कालव्याच्या पाळ्यांच्या, मधे त्याला द्यायला पाणी नसते. म्हणून उन्हाळी आवर्तनाआधी तळ्यातल्या साठवणुकीचा हिशेब करा.

एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. पिकाची गरज रोज ४ मिलिमीटर धरली तर दिवसाला १६,००० लिटर, १५ दिवसांच्या खंडात २,४०,००० लिटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरल्यास तळ्यातून सुमारे २,६७,००० लिटर उपसावे लागतात. मोकाट पाण्याने ६० टक्केच कामी येत असेल, तर त्याच गरजेला ४,००,००० लिटर लागतात. बाष्पीभवन वेगळे धरा. मुरमाड जागेत अस्तराशिवाय तळे करूच नका; वाचवलेले सगळे तिथेच मुरेल.

दुसरा शत्रू गाळ. चारीतून (कालव्याच्या छोट्या फाट्यातून) येणारे पाणी आधी छोट्या खड्ड्यात संथ होऊ द्या, मग तळ्यात घ्या. पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप) तळाशी टेकवू नका, तरंगत्या पिंपाला बांधून पृष्ठभागाखाली हात-दीड हात लोंबता ठेवा: खाली गाळ असतो, वर शेवाळ. नुसत्या जाळीच्या फिल्टरवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. शेवाळ अडवायला वाळूचा फिल्टर हवा, त्याच्यानंतर जाळीचा किंवा डिस्कचा. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना दाबमापक लावा. स्वच्छ असतानाच्या तुलनेत दाबातला फरक अर्धा किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) वाढला की उलटे पाणी सोडून फिल्टर धुवा. नव्या आवर्तनाचे पहिले पाणी गढूळ असते. शक्य असेल तर ते तळ्यात घेऊच नका. त्या आठवड्यात लॅटरलची (पिकाच्या ओळीतल्या ठिबक नळ्यांची) टोके उघडून, पाणी नितळ येईपर्यंत वाहू द्या.

मग ड्रिपर, म्हणजे नळीवरची थेंब सोडणारी तोंडे, तपासा. ताशी ४ लिटरचा ड्रिपर ३ मिनिटांत २०० मिलिलिटर देतो. ओळीच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी भांडे धरून मोजा. शेवटी १८० च्या खाली भरले तर ड्रिपर तुंबलाय किंवा दाब कमी पडतोय.

ठिबकऐवजी तुषार सिंचन असेल तर ते वारा पडलेला असताना, पहाटे चालवा.

पाटाने भिजवायची सवय असलेल्याला ठिबकखालचे रान कोरडेच वाटते आणि तो संच तासन् तास चालू ठेवतो. असे करू नका. ड्रिपरजवळ वीतभर उकरा, माती मुठीत दाबा. गोळा वळून टिकला तर आज पाणी नको.