कुत्र्याचं खाद्य घेताना पैसे नेमके कुठं वाया जातात? या चुका टाळा

पेट शॉपमध्ये शिरलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किलोला किती?" आणि पहिली चूक तिथंच होते. कुत्रं किलोवर जेवत नाही, दिवसावर जेवतं.

समजुतीसाठी एक हिशोब मांडू. कुत्रं २० किलोचं आहे. दहा किलोचं एक पोतं २,२०० रुपयांना, दुसरं ३,००० रुपयांना. पोतं उलटं करून मागचा तक्ता बघा. पहिल्यावर २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला ३५० ग्रॅम लिहिलंय, दुसऱ्यावर २७० ग्रॅम. रोजचा खर्च निघाला ७७ रुपये आणि ८१ रुपये. पोत्यामागं ८०० रुपयांचा वाटणारा फरक दिवसाला ४ रुपयांवर आला. शिवाय स्वस्त खाद्य नीट पचलं नाही तर अंगणात जास्त शी उचलावी लागते, ते वेगळंच.

पोत्याची पुढची बाजू वाचणं

पुढं चिकनची तंगडी, गाजर आणि चकचकीत लॅब्रॅडॉर छापलेला असतो. कामाचं सगळं मागं असतं, तेही बारीक अक्षरात. तिथं 'कंप्लीट' किंवा 'कंप्लीट अँड बॅलन्स्ड' हे शब्द शोधा. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलं असेल तर ते तोंडी लावणं आहे, जेवण नव्हे. पशुखाद्याची मापं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या 'आफ्को' संस्थेच्या मते पाणी वजा करून मोठ्या कुत्र्याला किमान १८ टक्के आणि पिल्लाला २२.५ टक्के प्रथिनं लागतात.

'पाणी वजा करून' हे महत्त्वाचं. ग्रेव्हीच्या पाऊचवर प्रथिनं ८ टक्के आणि पाणी ८० टक्के असेल, तर कोरडा ऐवज उरला २० टक्के आणि त्यात प्रथिनं ४० टक्के. म्हणजे पाऊच निकृष्ट नसतो, पण रोज त्यानं पोट भरायचं म्हणजे पाण्याचे पैसे मोजणं. घटकांच्या यादीतही पाण्याची गंमत आहेच. यादी कच्च्या वजनाच्या क्रमानं लिहितात, त्यामुळं ओलं चिकन आपल्या पाण्याच्या जोरावर पहिला नंबर पटकावतं.

'ग्रेन-फ्री' म्हणजे धान्य नसलेल्या खाद्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. शिजवलेलं धान्य कुत्र्याला पचतं. उलट वाटाणा-मसूर भरपूर असलेल्या अशा खाद्यांचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न-औषध खात्यानं) २०१८ मध्ये सुरू केली. थेट कारण सिद्ध झालं नाही, पण फायदाही कुणी दाखवलेला नाही.

सुटं खाद्य

उघड्या पोत्यातून कागदी पिशवीत मापून दिलेलं खाद्य स्वस्त पडतं. घेण्याआधी मूठभर हातात घेऊन वास घ्या. जुन्या शेंगतेलासारखा खवट वास आला तर तसंच ठेवून द्या. दाण्यावरची चरबी हवेनं खराब होते आणि पावसाळ्यात त्यावर बुरशीही धरते. सुट्याला ना तारीख, ना बॅच नंबर. त्यापेक्षा मध्यम पोतं घ्या, मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपवा. मोठं पोतं स्वस्त म्हणून घेऊन छोटा पॉमेरेनियन ते चार महिने खात बसणार असेल, तर बचत कसली?

घरचं थोडं, दुकानातलं थोडं

दूध-भाकरीवर आपल्याकडं बरीच कुत्री जगतात, पण नुसत्या दूध-भाकरीत प्रथिनं आणि खनिजं अपुरी पडतात, आणि वाढ पूर्ण झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधानं जुलाब होतात. उकडलेलं अंडं किंवा बिनमिठाचं चिकन वरून घाला की. फक्त वरचं सगळं मिळून रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांपलीकडं जाऊ देऊ नका. पैसे वाचवायला निम्मं खाद्य काढून निम्मी भाकरी घातली, तर तोल राखलेल्या खाद्यासाठी मोजलेले पैसे फुकट गेले. शिजवलेली हाडं तर नकोतच. ती कुरकुरून टोकदार तुटतात आणि आतड्यात रुततात.

सगळ्यात महागात पडते ती कॅल्शियमची बाटली. जर्मन शेफर्ड किंवा लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं की शेजारपाजारचे सांगतात, "पाय मजबूत व्हायला कॅल्शियम सुरू कर." चांगल्या पिल्लू-खाद्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. मोठ्या जातीच्या पिल्लाला त्यावर आणखी पाजलं तर हाडांची वाढ बिघडते, पाय वाकडे होऊ शकतात. त्याच पैशात 'लार्ज ब्रीड पपी' लिहिलेलं खाद्य येतं. बाटली डॉक्टरांनी तपासून लिहून दिली तरच.

आपल्या भागातला धोका

तासगाव-मिरज पट्ट्यात घरात बेदाण्याची पिशवी असतेच, आणि बेदाणा हातानं भरवणारे लाडकेही असतात. द्राक्ष आणि बेदाण्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखादं कुत्रं मूठभर खाऊनही ठणठणीत राहतं, दुसरं थोडक्यात जातं. त्यामुळं 'आमच्या कुत्र्याला काही होत नाही' याला अर्थ नाही. खाल्लेलं कळलं की उलटीची वाट न बघता डॉक्टर गाठा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा उद्योग करू नका, त्यानं जीव जातो. मटणाच्या रश्श्यातला कांदा-लसूणही रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो, मग उरलेला रस्सा भातावर कितीही मायेनं ओतलेला असो.

बिघडलं तर आधी काय बघायचं

नवं खाद्य सुरू केल्यावर जुलाब लागले, तर खाद्यापेक्षा घाई दोषी असण्याची शक्यता जास्त. सात दिवस घ्या. पहिले दोन दिवस पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. रक्त पडलं, पिल्लू मलूल झालं किंवा पाणीही पोटात टिकेना, तर मात्र थेट दवाखाना.

खाज सुटली की लोक दर महिन्याला ब्रँड बदलतात. आधी कानामागं आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा, पिसवा बघा. खाऊनही अंगी लागत नसेल तर जंताचं औषध शेवटचं कधी दिलं ते आठवा.

बारीक दिसतंय म्हणून खाणं वाढवण्याआधी बरगड्यांवरून हात फिरवा. हलक्या हाताला बरगड्या लागायला हव्यात आणि वरून बघितलं तर कंबर दिसायला हवी. जत भागात पाळतात त्या कारवान या सडपातळ शिकारी जातीच्या कुत्र्याच्या मागच्या दोन-तीन बरगड्या तब्येत उत्तम असतानाही दिसतात. त्याला लॅब्रॅडॉरसारखं गुबगुबीत करायला जाऊ नका, त्याचं माप ठरलंय तेवढंच ठेवा.