हॅलोविनच्या संध्याकाळी खाऊ वाटणाऱ्या आजी-आजोबांसाठी

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे मुले सोंगे घेऊन घरोघरी खाऊ मागत फिरतात त्या हॅलोविनच्या संध्याकाळी, बहुधा असे घडते, की तरुण मंडळी नातवंडांना घेऊन गल्लीत फिरायला निघतात आणि दाराशी येणाऱ्या मुलांना खाऊ देण्याचे काम आजी-आजोबांकडे येते. वर्षभर ज्यांच्याशी लांबूनच हात हलवण्यापुरता संबंध येतो ते शेजारी त्या दोन-तीन तासांत आपल्या पायांनी दारी येतात. म्हणून हे काम घर राखण्याचे न मानता यजमानपणाचे मानावे आणि तयारीही तशीच करावी, असे मला मनापासून वाटते.

साधारण किती मुले येतात हे शेजाऱ्यांना आधीच विचारून ठेवावे, कारण एखाद्या गल्लीत जेमतेम दहा मुले फिरकतात, तर दुसरीकडे शंभराच्या वर येतात. ओहायो आणि विस्कॉन्सिनमधील अनेक गावांत मुलांच्या या फेरीची तारीख आणि वेळ नगरपालिकाच जाहीर करते. तीही पाहून घ्यावी. अमेरिकेत हिवाळ्यासाठी घड्याळे एक तास मागे घेण्याचा दिवस २००७ पासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी येतो, त्यामुळे हॅलोविनला उजेड जरा जास्त वेळ टिकतो. अगदी लहान मुले या उजेडातच येऊन जातात, म्हणून अंधार पडण्याची वाट न पाहता तयार राहावे. पोर्चवरचा दिवा लावलेला असला की या घरी खाऊ मिळतो असा संकेत आहे आणि दिवा बंद दिसला की मुले पुढच्या घराकडे वळतात.

खाऊ कारखान्यातून बंद वेष्टनात आलेलाच द्यावा. घरचे लाडू किंवा चकल्या कितीही मायेने केलेल्या असल्या तरी अनोळखी घरचा सुटा पदार्थ पालक मुलांना खायला देत नाहीत. स्निकर्स आणि रीसेस या चॉकलेटांमध्ये शेंगदाणा असतो आणि शेंगदाण्याची ॲलर्जी काही मुलांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून शेंगदाणा नसलेला एखादा प्रकार वेगळा ठेवावा. स्टारबर्स्ट या गोळ्यांमध्ये आणि बहुतेक मऊ, चिवट गमी प्रकारांत जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेला पदार्थ, असते. शाकाहारी घरांनी पाकिटावरचा मजकूर वाचूनच खरेदी करावी. चार वर्षांखालील मुलांना कडक गोळ्या देऊ नयेत, कारण त्या घशात अडकू शकतात. पेन्सिली, स्टिकर अशा न खाण्याच्या वस्तूही थोड्या आणाव्यात. त्या ठेवणाऱ्या घरापुढे मोरपंखी रंगाचा भोपळा मांडण्याची प्रथा २०१४ पासून देशभर पसरली आहे आणि ॲलर्जी असलेल्या मुलाचे पालक तो भोपळा पाहून निर्धास्तपणे पुढे येतात.

बसण्याची व्यवस्था हा ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. दर बेलला उठून दार उघडण्याने गुडघे थकतात आणि घाईत तोल जाण्याची भीती असते. त्याऐवजी हात असलेली भक्कम खुर्ची पोर्चवर किंवा ड्राइव्हवेच्या (घरापर्यंत गाडी येण्याच्या वाटेच्या) वरच्या टोकाला मांडावी आणि शेजारी कमरेइतक्या उंचीचे टेबल ठेवावे, म्हणजे वाकावे लागत नाही. आमच्या घरी या टेबलावर स्टीलची मोठी परात असते. तीत प्रत्येक प्रकार वेगवेगळा मांडला, की मुलाला सगळे एका नजरेत दिसते, आपल्याला चालेल ते त्याला निवडता येते आणि खोल भांड्यात हात घालून उचकपाचक करावी लागत नाही. वाटेवरची ओली पाने आणि पाण्याची नळी दुपारीच काढून टाकावी. स्वेटर, कानटोपी आणि जाड मोजे घालावेत, फोन खिशात ठेवावा, मागचे दार कुलूपबंद करावे आणि जेवण व औषधे, विशेषतः मधुमेहाची, नेहमीच्याच वेळी घ्यावीत.

काही वर्षी दिवाळी याच दिवसांत येते. २०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. अशा वर्षी पायऱ्यांवर खऱ्या पणत्या लावण्याचा मोह टाळावा, कारण मुलांचे झगे लांब आणि पातळ असतात व चटकन पेट घेऊ शकतात. पायऱ्यांवर आणि कोरलेल्या भोपळ्यात बॅटरीचे दिवे ठेवावेत.

मुलांनी ‘ट्रिक ऑर ट्रीट’ (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) म्हटले की ‘हॅपी हॅलोविन’ म्हणून सोंगाचे कौतुक करावे. सोंग ओळखता आले नाही तर अंदाज न बांधता ‘हू आर यू टुडे?’ असे विचारावे. मूल मोठ्या अभिमानाने सांगते. एखादे मूल काहीच बोलत नाही, कारण ते लाजाळू असते किंवा त्याला बोलणे कठीण जाते. त्याच्याकडून शब्द वदवून न घेता खाऊ द्यावा. उंच, मिसरूड फुटलेली मुले आली तरी त्यांनाही हसतमुखाने द्यावा. गालाला हात लावणे, घरात बोलावणे, परवानगीवाचून फोटो काढणे या गोष्टी आपल्या दृष्टीने मायेच्या असल्या तरी तिथे टाळाव्यात. फुटपाथवर थांबलेल्या आई-वडिलांना मात्र आवर्जून हाक मारून आपण कोणत्या घरचे हे सांगावे.

खाऊ संपला किंवा थकवा आला तर दिवा बंद करून आत जावे. त्याचे कोणालाही वाईट वाटत नाही. बसणे मुळीच शक्य नसेल तर ‘कृपया एकच घ्या’ अशी इंग्रजी चिठ्ठी लावून भांडे पोर्चवर ठेवता येते, मात्र त्यात एका वेळी थोडाच खाऊ ठेवावा आणि अधूनमधून भर घालावी.